अंगवळणी पडलेलं पुसलं जातं तेव्हा

"दिवसभर खुर्चीत तर बसून असतात, दमायला काय झालं?" कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. हाताची थरथर सगळ्यांना दिसते, थकवा दिसत नाही, एवढंच. पण पार्किन्सन्सच्या जवळपास निम्म्या रुग्णांना हा थकवा असतो, काहींना तर थरथर सुरू व्हायच्याही आधीपासून. त्याला आळस म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धीला धक्का लागत नाही असं लिहिलं होतं. त्यांच्यासमोर सहाच रुग्ण होते, त्यातले काही नुसते रस्त्यात पाहिलेले. त्यामुळे लक्ष न टिकणं, दोन कामं एकदम न जमणं या तक्रारी पुढे फार काळ मागेच राहिल्या.

मराठीत 'अंगवळणी पडणं' असा शब्दप्रयोग आहे. मला या आजाराचं मर्म त्यातच दिसतं. पोळी लाटायला शिकताना सगळं लक्ष लाटण्यावर असतं. वर्षभरानं हात आपोआप फिरतो आणि आपण गप्पा मारत असतो. ही सवय सांभाळण्यात मेंदूच्या खोल भागातल्या पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. त्यातल्या पुटामेन नावाच्या समूहाचा मागचा भाग सवयीच्या हालचाली सांभाळतो, तर शेजारचा कॉडेट आणि पुटामेनचा पुढचा भाग ठरवून, हेतू धरून केलेल्या कृती. दोन्हींना डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त आटतं ते पुटामेनच्या मागच्या भागात. २०१० साली मेंदूशास्त्रज्ञ पीटर रेडग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी यावरूनच मांडलं की रुग्णाचा सवयीचा मार्ग बंद पडतो आणि त्याला सगळं हेतुपूर्वक मार्गानं करावं लागतं. म्हणजे पाऊल उचलणं, बटण लावणं, कुशीवर वळणं हे सगळं पुन्हा शिकाऊ माणसासारखं, कपाळामागच्या मेंदूला कामाला लावून.

आता लक्ष काही अमर्याद नसतं. ते चालण्यातच खर्च झालं तर बोलायला उरणार किती? म्हणून चालता चालता काही विचारलं की पाऊल आखूड होतं किंवा माणूस थबकतो. हातात चहाचा कप असेल तर आणखी पंचाईत. उलट फरशीवर आडव्या पट्ट्या आखल्या की अडलेले पाय कित्येकदा सुटतात, कारण 'ही रेघ ओलांडायची' असा नेमका हेतू मिळतो. मला हे दर वेळी थक्क करतं.

असं सतत लक्ष देऊन माणूस दमतोच, मात्र थकव्याचं सगळं खापर यावर फोडता येणार नाही. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. तिथल्या हजारो पेशी मेंदूभर नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन पोचवून त्याला जागं, सावध ठेवतात. जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलेल्या क्रमानुसार या आजाराचा बिघाड तिथे डोपामिनच्या पेशींआधीच सुरू होतो. शरीरात डोपामिन बनण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीनं चालणं सुधारलं तरी अनेकांचा थकवा तितका हटत नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं.

इथेच 'नैसर्गिक' चूर्णवाले शिरतात. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते वेगळं काढलं होतं. पण पुडीतल्या चूर्णात ते किती आहे हे सांगता येत नाही, आणि गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता ते घेतल्यास डोस जास्त होऊन अंग वेडंवाकडं हलू लागतं, भासही होऊ शकतात.

थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, तुटक झोप किंवा नैराश्यही असू शकतं, आणि यांवर उपचार आहेत. डॉक्टरांपुढे मोजकी मिनिटं मिळतात, ती थरथरीतच संपतात. म्हणून दिवसाच्या कोणत्या वेळी दमायला होतं, गोळीनंतर किती वेळानं, हे आठवडाभर कागदावर टिपून न्यावं. आणि घरात रुग्ण चालत असेल तेव्हा प्रश्न विचारू नये, बसल्यावर विचारावा.