इंटची लिस्ट का होत नाही: ऑब्जेक्टच्या कलेक्शनची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मराठी माध्यमाची मुलंमुली बेळगावात इंजिनिअरिंगला आली की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कलेक्शनशी, म्हणजे अनेक ऑब्जेक्ट (माहितीचे घटक) एकत्र ठेवायच्या सोयींशी, त्यांची गाठ पडते. अ‍ॅरेलिस्ट, हॅशमॅप पाठ होतात. पण व्हेक्टर ही जुनी यादी अजून का ठेवलीय, इंटची (साध्या पूर्णांकाची) लिस्ट का करता येत नाही, असं तोंडी परीक्षेत विचारलं की मुलं अडतात. पाठांतराने हे सुटत नाही, त्यासाठी मागे जावं लागतं.

नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी सिमुला ६७ ही प्रोग्रॅमिंग भाषा बनवली. तिच्यात यादीची जोडणी खुद्द ऑब्जेक्टमध्ये असायची. यादीत बसायचं तर ऑब्जेक्टचा क्लास, म्हणजे साचा, 'लिंक' या क्लासपासून निघालेला हवा. पुढे कोण, मागे कोण हे ऑब्जेक्ट स्वतःजवळ ठेवायचं. म्हणून एक ऑब्जेक्ट एका वेळी एकाच यादीत. पतसंस्थेचा सभासद कर्जदारांच्या यादीत घातला की ठेवीदारांच्या यादीतून तो निघालाच. रांगांचं सिम्युलेशन करायला हे पुरेसं होतं, कारण माणूस एकाच रांगेत उभा असतो.

झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या स्मॉलटॉक भाषेने ही गाठ सोडवली. स्मॉलटॉक-८० मध्ये सेट, बॅग, डिक्शनरी हे स्वतंत्र क्लास आहेत आणि त्यांच्यात ऑब्जेक्टचा फक्त संदर्भ राहतो. सभासद एक, याद्या हव्या तितक्या. शिवाय 'सिलेक्ट'ला अट दिली की यादी स्वतःच फिरून निवड करून देते, लूप आपण लिहायचा नाही. या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी कल्पना मला हीच वाटते.

जावा १९९६ मध्ये आली ती व्हेक्टर आणि हॅशटेबलवर भागवत. जोशुआ ब्लॉक यांनी रचलेलं कलेक्शन फ्रेमवर्क जावा १.२ बरोबर डिसेंबर १९९८ मध्ये मिळालं. लिस्ट, सेट, मॅप हे इंटरफेस, म्हणजे क्लासने काय काय करून द्यायचं याचे करार, झाले. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून व्हेक्टरलाही लिस्टमध्ये सामावून घेतलं.

तरी आत सगळं 'ऑब्जेक्ट' याच टाइपचं (प्रकाराचं). सभासदांच्या यादीत चुकून खाते क्रमांकाची स्ट्रिंग शिरली तर कोड तपासून त्याचं भाषांतर करणारा कंपाइलर गप्प. प्रोग्रॅम चालता चालता कास्टच्या, म्हणजे ऑब्जेक्टला पुन्हा सभासद मानून घेण्याच्या, ओळीवर क्लासकास्टएक्सेप्शन ही त्रुटी देऊन कोसळणार, आणि चूक झाली असणार भलत्याच फाइलमध्ये. २००४ च्या जावा ५ ने जेनेरिक्स, म्हणजे यादी कोणत्या टाइपची ते लिहायची सोय, आणून ही चूक कंपाइल करतानाच पकडली. ब्राचा, ओडर्स्की, स्टाउटामायर आणि वॉडलर यांचं जीजे (जेनेरिक जावा) हे काम त्याच्या मुळाशी आहे. मात्र जुन्या कोडशी जुळावं म्हणून तपासणी झाल्यावर टाइप पुसून टाकायचं ठरलं. म्हणजे खाली पुन्हा ऑब्जेक्टच, आणि इंट हा ऑब्जेक्ट नाही. लिस्ट करायची ती इंटिजरची, म्हणजे इंट पोटात घेणाऱ्या ऑब्जेक्टची. लाखो ओळींचा जुना कोड चालू ठेवायचा तर दुसरी वाट अवघड होती, त्यामुळे हा निर्णय मला योग्यच वाटतो.

स्मॉलटॉकची ती निवड करून देणारी यादी जावात यायला मार्च २०१४ उजाडला. जावा ८ मध्ये लॅम्डा (अट म्हणून देता येणारं छोटं फंक्शन) आणि स्ट्रीम (यादीतले घटक एकामागून एक पुरवणारा प्रवाह) आले; थकबाकीदार सभासद आता 'फिल्टर'ला अट देऊन मिळतात. पण पूर्णांकांसाठी तिथेही वेगळी इंटस्ट्रीम द्यावी लागली.