माल्टा

भूमध्य समुद्राच्या मध्यावर, सिसिलीच्या दक्षिणेस सु. ९० किमी. अंतरावरील द्वीपराष्ट्र. माल्टा, गोझो व कोमिनो ही त्यातली प्रमुख बेटे. एकूण क्षेत्रफळ ३१६ चौ. किमी., म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून जेवढे होतात त्याच्या जेमतेम निम्मे. लोकसंख्या ५,१९,५६२ (२०२१). राजधानी वॅलेटा.

सगळा देश चुनखडीच्या खडकावर उभा आहे आणि त्यात बारमाही नदी एकही नाही. त्यामुळे इथल्या घरांची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. वॅलेटा वसवताना प्रत्येक घराला खडकात कोरलेले टाके असावे, असा दंडक होता. या टाक्याला माल्टी भाषेत ‘बीर’ म्हणतात. खोदताना निघालेला मधाच्या रंगाचा मऊ दगड भिंतींना कामी येई. पुढे १६१५ मध्ये उंचावरच्या झऱ्यांचे पाणी दगडी कमानींवरून राजधानीत आणले गेले. आज समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांवर बेटाची मोठी भिस्त आहे.

गोझोवरील ज्गांतियाची पाषाणमंदिरे इ. स. पू. ३६०० च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून कितीतरी जुनी आहेत. एवढ्याशा बेटावर, धातूची हत्यारे नसताना लोकांनी असे दगड उभे केले, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी नवीच वाटते. त्यानंतर फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन असे सत्ताधीश येत राहिले. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटे सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघाला, दिली. खंडणी वर्षाला एक ससाणा. १५६५ चा ऑटोमन तुर्कांचा वेढा त्यांनी व स्थानिक लोकांनी जवळजवळ चार महिने झुंजून परतवला आणि दुसऱ्याच वर्षी प्रमुख सरदार झां द ला व्हालेत याच्या नावाने नवी राजधानी बांधायला घेतली. १७९८ मध्ये नेपोलियनने सरदारांना घालवले, १८०० मध्ये इंग्रज आले. १८७८ मध्ये रशियाला वचक बसावा म्हणून इंग्रजांनी सु. ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून जहाजाने इथे आणले होते. दुसऱ्या महायुद्धात बेटावर प्रचंड बॉम्बवर्षाव झाला. १९४२ मध्ये सगळ्या बेटाला मिळालेला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान आजही राष्ट्रध्वजावर आहे. देश २१ सप्टेंबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला, १९७४ मध्ये प्रजासत्ताक बनला, २००४ मध्ये युरोपीय संघात गेला.

या साऱ्या ये-जा करणाऱ्यांमध्ये टिकून राहिली ती भाषा, आणि माल्टाचे खरे वैभव तेच आहे. माल्टी ही सिसिलीतल्या अरबीतून वाढलेली सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातली, भाषा. ती रोमन लिपीत लिहिली जाते आणि युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी या कुळातली ती एकटीच. मराठी माणसाला तिच्यात ओळखीचे चेहरे भेटतात. पुस्तकाला ‘क्तीब’ आणि जगाला ‘दिन्या’ म्हणतात. आपले ‘किताब’ आणि ‘दुनिया’ त्याच मुळाचे. सकाळचा नमस्कार फ्रेंच वळणाचा ‘बोन्जू’, आभार इटालियन वळणाचे ‘ग्रात्सी’, पण आकडे अरबी. बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत आणि चर्चमध्ये देवाला ‘अल्ला’ म्हणूनच हाक मारतात.

पर्यटन, जहाजांची नोंदणी व वित्तसेवा यांवर आज देशाची मिळकत चालते. मासेमारीचा वाटा त्यात थोडाच. तरी मार्साश्लोकच्या बंदरात निळ्या-पिवळ्या-तांबड्या ‘लुत्सू’ होड्या हारीने उभ्या दिसतात. प्रत्येकीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना डोळे असतात, संकटापासून राखण करणारे. उन्हाळा सरताना ‘लाम्पुकी’ माशाचा हंगाम लागतो. तेव्हा कोळी खजुराच्या झावळ्या तरंगत्या तराफ्याला बांधून समुद्रात सोडतात. मासे सावलीसाठी त्याखाली गोळा होतात आणि मग भोवतीने जाळे टाकले जाते.