रुंद क्षेत्राचा आयपीस घेताय? आधी हे वाचा

दुर्बीण घेऊन पाच-सहा महिने झाले की बरेच ग्राहक एकच मागणी घेऊन येतात, "अजून पॉवरचा आयपीस द्या," म्हणजे डोळा लावायचं, बदलता येणारं भिंग. आम्ही त्यांना बसवून घेतो, चहा मागवतो आणि नेमकं उलटं सांगतो. मेळघाटाच्या पायथ्याशी, गावापासून कोसभर आत वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं की जे आकाश दिसतं, ते शहरात कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. त्या आकाशाला पॉवर कमी लागते आणि खिडकी रुंद लागते.

कृत्तिकेचंच घ्या. हा पुंजका आकाशात जवळपास २ अंश पसरलाय, म्हणजे पुनवेचे चार चंद्र ओळीनं ठेवावेत एवढा. १३०/६५० दुर्बिणीला (आरसा १३० मिमीचा, नाभीय अंतर ६५० मिमी) साधा १० मिमीचा आयपीस लावला तर एका वेळी पाऊण अंशच दिसतो. तारे एकेक करून समोर येतात, पुंजका काही दिसत नाही. २० मिमीचा रुंद आयपीस लावा, अख्खी कृत्तिका नजरेत मावते. पहिल्यांदा पाहणारा माणूस इथे दोन क्षण बोलत नाही, हे आम्ही कितीदा तरी पाहिलंय.

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या नळीवर नाभीय अंतर लिहिलेलं असतं, त्याला आयपीसवरच्या मिमीनं भागा. ६५० भागिले २० म्हणजे साडेबत्तीस पट. आयपीसच्या खोक्यावर अंश लिहिलेले असतात, त्यांना या पटीनं भागा. ६६ भागिले ३२.५, म्हणजे सुमारे २ अंश. आकाशाचा एवढा तुकडा तुम्हाला प्रत्यक्ष दिसणार. खोक्यावरचे ६६ किंवा ८२ अंश हे डोळ्याला किती ऐसपैस वाटेल ते सांगतात, त्यांना भुलून खरेदी करू नका.

गेल्या हिवाळ्यात एक शिक्षक ३२ मिमी आणि ४० मिमी असे दोन आयपीस घेऊन आले. दुसरा त्यांनी जास्त रुंद दिसेल म्हणून बाहेरून मागवला होता, आणि फरक काहीच दिसेना. आम्ही दोन्ही आयपीस उलटे करून उजेडाकडे धरले. खालच्या तोंडातून आत डोकावलं की एक पातळ काळी कडी दिसते. दिसणाऱ्या वर्तुळाची कड म्हणजे हीच कडी. पट्टीनं मोजली, दोन्हींची भरली सुमारे २७ मिमी. आयपीसच्या सव्वा इंची नळीत याहून मोठी कडी बसतच नाही, त्यामुळे ४० मिमीनं एक तसूही आकाश वाढलं नाही, नुसती पॉवर कमी झाली. कडीचा आतला व्यास भागिले दुर्बिणीचं नाभीय अंतर, गुणिले ५७.३, हा पक्का हिशेब. ६५० मिमीच्या दुर्बिणीला सुमारे २.४ अंश ही सव्वा इंची नळीची हद्दच आहे.

या हद्दीपर्यंत जायचे दोन रस्ते आहेत: ३२ मिमीचा साधा प्लॉसल (आयपीसचा नेहमीचा, स्वस्त प्रकार), ५० अंशांचा, किंवा २४ मिमीचा ६८ अंशांचा. आकाश दोन्हींत जवळजवळ तेवढंच. पण १३०/६५० दुर्बीण एफ/५ आहे, म्हणजे ६५० भागिले १३० बरोबर ५, म्हणून ३२ मिमीतून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची दांडी ३२ भागिले ५, म्हणजे ६.४ मिमी जाड होते. पन्नाशीच्या माणसाची बाहुली अंधारातही बहुधा एवढी उघडत नाही, मग आरशानं गोळा केलेला प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. २४ मिमीत ही दांडी ४.८ मिमी होते, मागचं आकाश जास्त काळं दिसतं आणि फिकट तारे उठून येतात. पैसे असतील तर आमचं मत २४ मिमीच्या बाजूनं. ७०/७०० दुर्बीण मात्र एफ/१० आहे, तिला स्वस्त ३२ मिमी प्लॉसल छान चालतो. त्याहून महाग काही विकायला आम्हालाच बरं वाटत नाही.

एफ/५ दुर्बिणीची एक अडचण आधीच सांगतो. स्वस्त रुंद आयपीसमध्ये मधले तारे टाचणीच्या टोकासारखे असतात, पण कडेच्या ताऱ्यांना पाखरासारखे पंख फुटतात. एफ/१०ला तोच आयपीस बऱ्यापैकी साफ दिसतो. कडेपर्यंत टोकदार तारे हवे असतील तर भिंगं वाढतात, किंमत वाढते, वजनही वाढतं, आणि हलक्या दुर्बिणीचं तोंड खाली झुकतं. ८२ अंशांचे आयपीस १९८०च्या आसपास अमेरिकेत ॲल नॅगलर यांनी आणले. त्याआधी ते चांद्रवीरांच्या सरावयंत्रांची भिंगं आखत होते. आयपीस अप्रतिम आहेत, पण पहिली खरेदी म्हणून आम्ही ते सुचवत नाही.

शाळेत मुलांना दाखवायचं असेल तर रुंद क्षेत्राचा वेगळाच फायदा आहे. आकाश ४ मिनिटांत १ अंश सरकतं. १०८ पट पॉवरला ५० अंशांच्या आयपीसमधून ग्रह दोन मिनिटांच्या आत एका कडेनं येऊन दुसऱ्या कडेनं निघून जातो. ६६ अंशांचा असेल तर जवळपास अडीच मिनिटं मिळतात. रांगेत चाळीस मुलं उभी असली की या अर्ध्या मिनिटाची किंमत कळते.

चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकटच डोळा लावून बघा. साधा जवळचा-दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवावा लागतो, आणि मग भिंगापासून डोळ्याला निदान १५ मिमी अंतर हवं. डोळा जरा हलला की काजूच्या आकाराची काळी सावली येते, असं झालं तर तो आयपीस तुमच्यासाठी नाही.

दोन गोष्टी सांभाळा. भिंग दुपट्ट्यानं पुसू नका, आणि घरच्या कापसानं तर नकोच. तो कितीही पांढरा दिसला तरी त्यात वाळल्या पानांचा चुरा असतो आणि भिंगावर ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा. पावसाळ्यात आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी दिसेल.

काय बघाल? हरभऱ्याच्या जागलीला कृत्तिका आणि मृगातल्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुष्यातला पुंजका, दीड अंशाचा. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम २१-२२ अंशांवर, नरतुरंगातला ओमेगा हा गोल तारकागुच्छ. पुढे विंचवाच्या नांगीजवळचा पुंजका, पावसानं उघडीप दिली तर.

येताना दुर्बीण सोबत आणा, किंवा निदान नळीवर लिहिलेले आकडे टिपून आणा. अमावास्येच्या आगेमागे आयपीस तीन रात्री घरी नेऊन बघता येईल. आवडला नाही तर परत द्या, फक्त भिंगाला बोट लागू देऊ नका.