एक सभासद, एक हात: सोसायटीच्या सभेतल्या मतदानाची पार्श्वभूमी

सप्टेंबर उजाडला की मुंबईतल्या हाऊसिंग सोसायट्यांच्या गच्चीवर, नाहीतर पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. ३० तारखेच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची असते. कोरम भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्या माणसांत कामकाज सुरू. इतिवृत्तात ठरावाखाली दोनपैकी एक शब्द येतो, 'सर्वानुमते' किंवा 'बहुमताने'. पहिल्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की कोणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, पुढचे सहा महिने दोन माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघणार नाहीत.

मतं मोजली की माणसं जास्त एकोप्याने काम करतात, असं आपण धरून चालतो. या शहराचा इतिहास मात्र तसं सरळ काही सांगत नाही.

हात मोजण्याची पद्धत आपल्याकडे तशी उशिरा आली. मराठेशाहीत वतनाचा, म्हणजे पिढीजात हक्काचा, तंटा गावकरी आणि वतनदारांच्या गोतसभेपुढे जाई आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी दस्त, होई. त्यावर जमलेल्यांच्या साक्षी पडत, लिहिता न येणाऱ्याची निशाणी असे. कुणब्याचा नांगर, वाण्याची तराजू. किती बाजूने आणि किती विरुद्ध, याला तिथे महत्त्व नव्हतं. निशाणी केली म्हणजे उद्या 'मला मान्य नव्हतं' म्हणायची सोय गेली. त्या सभेत कोणाला बसायला मिळे आणि कोणाला दाराबाहेर उभं राहावं लागे, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्या एकमताचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही.

मुंबईत मत आलं ते पैशाच्या हिशेबाने. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीवरून करदाते खवळले आणि त्या गदारोळातून १८७२चा महापालिका कायदा निघाला. ६४ सभासदांपैकी ३२ जण करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसेस ऑफ द पीस म्हणजे सरकारनियुक्त मानद दंडाधिकाऱ्यांनी, उरलेले १६ सरकारने नेमायचे. करदाता म्हणजे वर्षाला ५० रुपये तरी कर भरणारा. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्याचा प्रश्नच नव्हता. १९२२मध्ये महिना १० रुपये भाडं भरणाऱ्यापर्यंत हा हक्क खाली उतरला आणि प्रौढ मतदानाने महापालिकेची निवडणूक झाली ती थेट १९४८ साली. मधल्या काळात चाळींनी नळ, संडास, गॅलरी आणि गणपती कुठल्याही मतदानाशिवाय सांभाळले. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३पासूनचा आहे. वर्गणी किती आणि आरास कुठली, यावर तिथेही भांडणं झाली नसतील असं कोण म्हणेल? पण नळ एकच, तेव्हा सकाळी बोलणं भागच.

'एक सभासद, एक मत' हे तत्त्व आलं दुसऱ्या वाटेने. इंग्लंडात लँकशायरमधल्या रॉचडेल या कापड गिरण्यांच्या गावात २८ जणांनी प्रत्येकी एकेक पौंड काढून १८४४च्या डिसेंबरात किराणा दुकान उघडलं. त्यांचा नियम असा की शेअर कितीही घ्या, मत एकच. म्हणजे मत हे पैशाला लगाम घालायचं साधन होतं. सहकार त्यातून आपोआप पिकेल, असा दावा त्या नियमात नव्हता.

आपल्याकडे १९०४चा सहकारी संस्थांचा कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर संस्थांना दार उघडलं आणि १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी नोंदली गेली. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. एकमेकांची घरं, लग्नं, नातीगोती ठाऊक असलेल्या एका ज्ञातीची माणसं ती. तिथे मतभेद मिटवायला मतपेटीआधी आणखी चार दारं होती. हा तपशील पुढे आपण विसरलो. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २७ने एक सभासद, एक मत हा नियम राज्यभर पक्का केला. १९६३च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्या अनोळखी माणसांची सोसायटी बनू लागली. गावदेवीचा नियम आला, गावदेवीची ओळख आली नाही.

मतच घेतलं नाही तर काय होतं, याचं उदाहरणही मुंबईतच आहे. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरण्यांत प्रातिनिधिक संघटना, म्हणजे मालकांशी बोलणी करणारी संघटना, ठरायची ती सभासदसंख्येच्या नोंदीवर, कामगारांच्या गुप्त मतदानावर नाही. मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली आणि कामगार मात्र कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे गेले. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा कायदाच रद्द करा, ही त्यांची एक मागणी होती. संपाची कारणं अनेक, पण मालक ज्याच्याशी बोलणार त्याच्यामागे कामगार नाहीत, ही गाठ सुटलीच नाही. तेव्हा मतदान निरुपयोगी, असं मी मुळीच म्हणणार नाही.

सोसायट्यांत मतदानाची खरी परीक्षा पुनर्विकासाने घेतली. ३ जानेवारी २००९च्या शासन निर्देशात तीन-चतुर्थांश कोरम आणि उपस्थितांपैकी तीन-चतुर्थांश बहुमत मागितलं होतं. ४ जुलै २०१९च्या सुधारित निर्देशात एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती पुरेशी ठरली. उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर, सभेचं चित्रीकरण, सगळं रीतसर. अडवणूक करणारे दोन-चार जण पन्नास कुटुंबांना गळक्या छताखाली ठेवत होते, म्हणून ही अट खाली आली आणि ते योग्यच झालं. सभासद झाल्यावर संस्थेपुढे व्यक्तीचं वेगळेपण उरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्येच म्हणून ठेवलं आहे, त्यामुळे कायद्याने अल्पमताला फारसं मैदान नाही. पण उरलेल्या ४९ टक्क्यांना घर रिकामं करायचं असतं, भाड्याच्या जागेत राहायचं असतं आणि परत त्याच जिन्याने वर यायचं असतं. पूर्वी तीन-चतुर्थांश जमवण्यासाठी कमिटीला घरोघरी जाऊन चहा प्यावा लागे. आता निम्म्याहून एक जास्त झाला की चहाची गरज उरत नाही.

हात वर करण्यातही एक मेख आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी रेघांची लांबी ओळखण्याचा साधा प्रयोग केला. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या आधी बोलणारी माणसं प्रयोगात सामील असत आणि ठरवून चुकीचं उत्तर मोठ्याने देत. परीक्षा घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्यांच्या मागे जाऊन, डोळ्यांना दिसत असूनही, चुकीचं उत्तर दिलं. उत्तर कागदावर लिहायला सांगितलं की हे प्रमाण बरंच खाली येई. आपल्या उपविधींत कमिटीची निवडणूक गुप्त मतदानाने होते. ठराव मात्र हातांवर. शेजारच्या खुर्चीवर चेअरमनचा भाऊ बसलेला असताना.

मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो. पार्किंगच्या सोडतीचा ठराव आम्ही हातांवर घेतला तेव्हा विरोधात तीन हात होते. एका आजोबांनी हट्ट धरला म्हणून तोच प्रश्न पुढच्या सभेत चिठ्ठ्यांवर घेतला. विरोधात अकरा निघाल्या. सोडत पुढे ढकलली आणि त्या अकरांपैकी कोण कोण, हे शोधण्यात कमिटीचे पुढचे दोन महिने गेले.