खसखशीएवढ्या चिपला कुलूप लावायचं म्हणजे

मे महिन्यात वर्धा रोडवर गाडीची काच बदलली तेव्हा जुना फास्टॅग सोलून पाहिला. आत ॲल्युमिनियमची नागमोडी पट्टी, मधोमध खसखशीएवढी चिप, बस्स. भाचा म्हणे, मामा, बॅटरीच नाही तर हे समृद्धीच्या टोलनाक्यावर बोलून कसं राहिलं? नाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, चिप त्यातूनच थेंबभर वीज ओढते अन् त्याच लहरी हलवून परत पाठवत नंबर सांगते.

आयडिया जुनीच. १९४५ मध्ये मॉस्कोत अमेरिकन राजदूताला मुलांच्या हातून लाकडी राजचिन्ह भेट मिळालं, आत थेरेमिन नावाच्या रशियन संशोधकानं बनवलेला, बाहेरून सोडलेल्या रेडिओ लहरींवरच चालणारा बिनबॅटरीचा माईक, अन् तो सापडला थेट १९५२ मध्ये!

खरी पंचाईत कुलपाची, म्हणजे चिपचं बोलणं चोरट्याला कळू नये म्हणून ते गणितानं गुप्त करायची. वीज मायक्रोवॅटमधली, तीही मधेच जाते, आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते तशी, मग अर्धवट हिशोब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ९०च्या दशकात शॉर्टकट निघाले. मायफेअर क्लासिक या बिनबॅटरीच्या चिप कार्डात क्रिप्टो-१ नावाचा घरगुती सायफर, म्हणजे माहिती गुप्त करायची पद्धत, किल्ली फक्त ४८ बिटांची, भिस्त सगळी ती पद्धत गुपित राहण्यावर. २००७ मध्ये जर्मन पोरांनी चिप थराथरानं घासून मायक्रोस्कोपखाली फोटो काढले, सर्किट वाचलं, झालं कल्याण.

तोवर एईएस हा सगळ्यांसमोर उघडा असलेला पक्का सायफर होताच की, २००१ पासून स्टँडर्ड, पण तो या चिपमध्ये मावेल असं फार कोणाला वाटत नव्हतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या लोकांनी २००४ मध्ये तो साडेतीन हजार गेट्सच्या (गेट म्हणजे सर्किटची छोटी वीट) आसपास बसवून दाखवला, अन् २००७ मध्ये प्रेझेंट नावाचा सायफर आला तो तर १५७० गेट्समध्येच.

मला सगळ्यात भारी वाटते ती २००६ची भानगड. ओरेन अन् शमीर या संशोधकांनी दाखवलं की टॅग आतमध्ये किती वीज खातो त्यावर परतणारी लहर किंचित बदलते, म्हणजे हात न लावता लांबूनच पासवर्ड काढता येतो. गणित पक्कं असून चोरी व्हायची ती अशी! त्यामुळं पुढं नुसतं छोटं सर्किट पुरेना, आतली खळबळ लपवायची सोयही स्वस्तात हवी झाली.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या स्टँडर्ड ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं अशा छोट्या चिपांच्या सायफरसाठीच स्पर्धा मांडली, ५७ अर्ज आले, अन् २०२३ मध्ये निवड झाली ॲस्कॉनची, त्यातही ग्राझवाले आहेतच. ३२० बिटांचं एकच सर्किट, त्यातच एन्क्रिप्शन (माहिती गुप्त करणं) अन् हॅश (माहितीचा छोटा ठसा काढणं) दोन्ही, अन् लपवाछपवीचा खर्चही एईएसपेक्षा कमी. स्टँडर्ड म्हणून शिक्का बसला ऑगस्ट २०२५ मध्ये.