फोर्नियर्स गँगरीन: नाव जुनं, रुग्ण बदलला

पॅरिसचे गुप्तरोगतज्ज्ञ ज्याँ आल्फ्रेद फुर्निए यांनी 1883 मध्ये पाच तरुणांचं वर्णन केलं. धडधाकट माणसं, अचानक सुरुवात, शिश्न आणि अंडकोशाचं झपाट्याने वाढणारं गँगरीन, आणि कारण सापडेना. असा रुग्ण डॉक्टर बॉरिएन यांनी 1764 मध्येच नोंदवला होता, पण नाव चिकटलं ते फुर्निएंचं.

त्या वर्णनातला 'तरुण, निरोगी, कारण नाही' हा भाग आज जवळजवळ मोडीत निघालाय. रुग्ण बहुधा पन्नाशीपुढचा, मधुमेही. कारणही नीट शोधलं तर मिळतं: गुदद्वाराजवळचं गळू, मूत्रमार्ग अरुंद होणं (स्ट्रिक्चर), लघवीच्या नळीची (कॅथेटर) इजा. स्त्रियांनाही होतो, आणि तिथे निदान हमखास मागे पडतं. जंतूही एकटा नसतो, ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकाय, बॅक्टेरॉइडीस असा मेळा असतो. 'नेक्रोटायझिंग फॅशियायटिस', म्हणजे त्वचेखालचा पडदा (फॅशिया) सडवणारा संसर्ग, हा शब्द सर्जन विल्सन यांनी 1952 मध्ये दिला. फोर्नियर्स हा त्याचाच जननेंद्रियांजवळचा प्रकार.

फसगत होते ती शरीररचनेमुळे. संसर्ग त्वचेखालच्या फॅशियातून धावतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्वचा मागाहून मरते. वर रुपयाएवढा काळा डाग, आत वीतभर सडलेलं. जननेंद्रियांजवळचा फॅशिया, म्हणजे कॉलेसचा पडदा, पुढे पोटाच्या स्कार्पाच्या पडद्याला जोडलेला, म्हणून संसर्ग पोटावर चढतो. वृषणं मात्र बहुधा वाचतात, कारण त्यांचं रक्त थेट पोटातल्या महाधमनीतून येतं.

सुरुवातीला दिसतं त्याच्या मानाने दुखणं फार. पुढे नसा मेल्या की दुखणं कमी होतं आणि घरच्यांना वाटतं, उतार पडला. 2004 मध्ये सिंगापूरहून आलेला, या आजाराची शक्यता मोजणारा एलआरआयएनईसी स्कोअर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन), पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन, शुगर या सहा तपासण्यांवर चालतो. 6 किंवा अधिक आला तर संशय पक्का धरावा, पण कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नये. शंका उरलीच तर जागा बधिर करून 2 सेंमीचा छेद द्यायचा: बोट अडथळ्याशिवाय सरकलं, रक्त आलं नाही, भांडी धुतल्यासारखं गढूळ पाणी आलं, की ऑपरेशन थिएटर गाठायचं. प्रकृती डळमळीत असेल तर सीटी स्कॅनसाठी थांबणं म्हणजे वेळ घालवणं.

सलाईन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम, सोबत व्हँकोमायसिन आणि जंतूंचं विष रोखायला क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक्स लगेच सुरू होतात. पण मेलेल्या ऊतीत रक्तच नाही, तिथे औषध पोहोचणार कसं? म्हणून कडा ताज्या रक्ताने ओलावेपर्यंत कापायचं आणि 24 तासांत पुन्हा उघडून बघायचं. नेमकी इथेच हयगय होते: कातडी वाचवायच्या मोहात पहिलं डिब्राइडमेंट (मेलेला भाग कापून काढणं) तोकडं पडतं. जखम स्वच्छ झाली की त्वचारोपण.

ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्यांबाबत इशारा दिला. त्या घेणाऱ्यांत पाच वर्षांत या आजाराचे 12 रुग्ण आढळले होते. प्रमाण नगण्य, पण या गोळ्या आता आपल्याकडेही सर्रास दिल्या जातात. त्या घेणाऱ्याला ताप आणि जांघेत असह्य दुखणं असेल, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सर्जनला दाखवावं.