तोंडाला पाणी सुटेना

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा अंगणात आमसुलं वाळत पडली होती आणि पडवीत अण्णा बसले होते, हाताशी तांब्या घेऊन. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गालाचा कॅन्सर काढला, मग सहा आठवडे शेक, म्हणजे किरणोपचार, झाला. आजार परतलेला नाही. पण दोन घास झाले की तांब्या तोंडाला. "पाण्याबिगर घास उतरणा नाय," ते म्हणाले. शेजारच्या काकींकडे उत्तर तयार होतं: शेकाची उष्णता अजून अंगात आहे, आमसूल चघळत राहा, थंडही पडेल आणि तोंडाला पाणीही सुटेल.

हा घोळ 'शेक' या शब्दानं घातलाय. किरणांची मात्रा 'ग्रे'मध्ये मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो उतीमागे एक ज्यूल ऊर्जा. शस्त्रक्रियेनंतर साधारण ६० ग्रे देतात, ३० हप्त्यांत. सगळी मात्रा एकदम दिली असती तरी तिथलं तापमान जेमतेम ०.०२ अंशानं वाढलं असतं. घोटभर चहा याहून जास्त तापवतो! किरण भाजत नाहीत, पेशीतले रेणू तोडतात. आणि यंत्र बंद झालं की बाहेरून दिलेले हे किरण अंगात उरत नाहीत.

मग लाळ गेली कुठे? निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ग्रंथीतल्या पेशी नळ्यांच्या टोकांना लगडलेल्या असतात, पोफळीच्या घोसावर सुपाऱ्या लगडाव्यात तशा. (उपमा सुपारीचीच सुचली, काय करणार. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे.) कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, ते मिठाच्या ओढीनं. लाळेचंही तसंच आहे. कैरी नुसती आठवली तरी मेंदूकडून मज्जातंतूमार्फत निरोप येतो, त्यानं पेशीच्या आत कॅल्शियमची पातळी वाढते, त्या सरशी क्लोराइडची दारं उघडून क्लोराइड नळीत उतरतं. त्याच्या ऋण भारामागे धन भाराचं सोडियम जातं. झालं नळीत मीठ! मग पाणी ओढलं जातं, तेही 'ॲक्वापोरिन' नावाच्या प्रथिनांच्या खास मोऱ्यांतून. या मोऱ्या शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

किरणांचा तडाखा जास्त बसतो तो भराभर विभागणाऱ्या पेशींना. लाळेच्या पेशी तर सावकाश विभागतात, तरी पहिल्याच आठवड्यात लाळ आटू लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं ते असं, की आधी पेशीच्या आवरणावरची निरोप घेणारी यंत्रणा बिघडते. पेशी जिवंत असते, पण तिला ऐकू येत नाही. पुढे नळ्यांतल्या मूळपेशीही घटतात, आणि मेलेल्यांच्या जागी नव्या येईनाशा होतात. कानाखालच्या ग्रंथीची पातळ लाळ सगळ्यांत आधी जाते. उरते ती भेंडीच्या तारेसारखी. या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेहून कमी मात्रा लागली तर लाळ बऱ्यापैकी परतू शकते, म्हणून हल्ली किरणांची आखणी तिला जमेल तेवढं वगळून करतात.

आता आमसूल. काही पेशी शिल्लक असतील तर आंबटानं लाळ सुटतेही, काकी अगदीच चुकल्या नाहीत. पण सामू (पीएच; जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांचं कवच विरघळू लागतं, आणि आमसुलाचा सामू त्याच्या पुष्कळच खाली असतो. एरवी लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट झीज भरून काढतात. अण्णांच्या तोंडात हा पहाराच उठलाय. हिरडीलगत दात तपकिरी पडू लागले होते. अशा तोंडाला रोजचं फ्लोराइड हवं, बिनसाखरेचं च्युइंगगम हवं, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास लाळ सुटायला मदत करणाऱ्या पिलोकार्पिनच्या गोळ्या.

दात हलला म्हणून मात्र सरळ उपटून घ्यायचा नाही. किरण लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. जखम भरत नाही, हाड कुजू शकतं, अगदी कित्येक वर्षांनीही. दंतवैद्याला किरणोपचाराची फाइल दाखवायची आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून मगच काय ते ठरवायचं.

तोंड किती उघडतं ते पाहायला अण्णांना आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली. किरणांनी जबड्याचे स्नायू आखडतात, त्याला रोजचा व्यायाम लागतो. मानेला किरण लागले असतील तर दर सहा-बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणीही हवी. थायरॉइड मंदावल्यानं येणारा शीण, थंडी वाजणं हे 'अशक्तपणा' म्हणून वर्षानुवर्षं टॉनिकवर निघतं. पाणी पिताना नव्यानं ठसका लागू लागला तर तेही सांगायचं.

निघायच्या आदल्या दिवशी जेवायला सोलकढी होती. अण्णांच्या वाटीत नारळाचं दूध दुप्पट आणि आगळ नावापुरतं, रंग जेमतेम गुलाबी. वर चूळ भरायला साधं पाणी. काकी तिला सोलकढी म्हणायला तयार नव्हत्या.